छोट्या शस्त्रक्रियेआधीची भीती आणि दाबणारा हात

आजच्या विषयाचं नाव कळल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, तुम्ही आम्हाला कांट शिकवलात. हे ॲक्युप्रेशर मध्येच कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. मी वैद्यकाचा डॉक्टर नाही. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली आहे, आणि त्या डॉक्टरेटचा रुग्णालयाच्या अपघात विभागात काडीचाही उपयोग होत नाही, हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

झालं असं की, खिडकीची फुगलेली फळी ओढताना काच फुटली आणि माझा उजवा तळहात चांगलाच कापला गेला. शेजारच्या मुलाने पंचा गुंडाळला, स्कूटरवर मागे बसवलं आणि रुग्णालयात नेलं. जखम फार मोठी नव्हती. तरुण डॉक्टर म्हणाले, पाच-सहा टाके पडतील, आधी बधिर करायचं इंजेक्शन देतो. एवढं ऐकलं आणि माझा हात थरथरायला लागला. घाम फुटला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हात सैल सोडा." सैल सोडायचं म्हणजे काय, हे मला समजत होतं, पण हात माझं ऐकत नव्हता. तेव्हा तिथल्या सिस्टर माझ्या डाव्या बाजूला आल्या. त्यांनी माझं डावं मनगट हातात घेतलं, घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला मधोमध अंगठा ठेवला आणि सावकाश दाबला. म्हणाल्या, "काका, इकडे लक्ष द्या. दाब जास्त वाटला तर सांगा." दोन-तीन मिनिटांनी उजवा हात शांत झाला. टाके पडले. सुई टोचल्याचं कळलं, नाही असं नाही, पण मघाची घालमेल उरली नव्हती.

निघताना मी त्यांना विचारलं, हे काय केलंत? त्या म्हणाल्या, तो पॉइंट आहे, आमच्या मोठ्या सिस्टरनी शिकवला होता. आणि त्या पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

आता चाळीस वर्षं वर्गात कार्यकारणभाव शिकवलेल्या माणसाला ही गोष्ट एवढ्यावर सोडवत नाही. एकामागून दुसरं घडलं, म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण ठरत नाही. आपल्याकडे सांगतात तसं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. माझ्या मनगटावर तो बिंदू दाबला म्हणून मी शांत झालो? की कुठेही दाबलं असतं तरी झालो असतो? की कुणीतरी 'काका' म्हणून हात धरला, म्हणून झालो? हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. ते हाताशी धरून मी इतिहास वाचायला बसलो. आज तो तुमच्यापुढे मांडतो.

विषयाची हद्द आधी आखून घेऊ. मोठी, ठरवून केलेली शस्त्रक्रिया आज माझा विषय नाही. टाके घालणं, गळू फोडणं, निखळलेला खांदा बसवणं, मोडलेलं मनगट ओढून सरळ करणं, छातीत साठलेलं पाणी काढणं, अशा गोष्टींबद्दल मी बोलतोय. डॉक्टरांच्या भाषेत या किरकोळ. पण यात माणूस पूर्ण जागा असतो, तो मनाची तयारी करून आलेला नसतो, आणि हत्यारांचा ट्रे त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

बौद्ध वाङ्मयात, संयुत्त निकायात, दोन बाणांचा दृष्टांत आहे. अडाणी माणसाला दुःखाचा एक बाण शरीरात लागतो आणि लगेच दुसरा मनात लागतो. शहाण्याला पहिलाच लागतो. तिथे तो उपदेश साधकासाठी आहे. अपघात विभागातल्या माणसाला "शहाणा हो" असं सांगून भागत नाही. पण भेद नेमका आहे. वेदना हा पहिला बाण, धास्ती हा दुसरा. वैद्यकाच्या इतिहासात या दुसऱ्या बाणाचं काय झालं, हे मला पाहायचं आहे.

सुरुवात आपल्याकडून करू. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रुग्णाला खायला द्यावं आणि पिणाऱ्याला तीक्ष्ण मद्य द्यावं, असं सांगितलं आहे. खाल्ल्याने तो मूर्च्छित पडत नाही आणि मद्यामुळे शस्त्राची जाणीव बोथट होते, अशी कारणंही दिली आहेत. म्हणजे रुग्णाची अवस्था हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे, याची जाण तिथे आहे. पण एक गैरसमज दूर करायला हवा. सुश्रुताने १०७ मर्मं सांगितली. हल्ली "मर्म म्हणजे आपलं प्राचीन ॲक्युप्रेशर" असं सर्रास सांगितलं जातं. सुश्रुताच्या ग्रंथात मर्मं प्रामुख्याने शल्यवैद्याला दिलेला इशारा आहे: इथे घाव बसला तर जीव जाईल, अंग लुळं पडेल, तेव्हा शस्त्र जपून चालव. दाबायच्या जागांची ती यादी नव्हे. अभिमान असावा, पण जे लिहिलंय त्याचा असावा.

चीनची गोष्टही आपण समजतो तितकी सरळ नाही. १९७३ मध्ये मावांगदुई इथल्या थडग्यात रेशमावर लिहिलेली वैद्यकाची हस्तलिखितं सापडली. ते थडगं इसवी सन पूर्व १६८ मधलं. त्यांत शरीरातल्या ११ वाहिन्यांचं वर्णन आहे, औषधी पाल्याने डाग देण्याचा उपचार आहे. पण सुया टोचायच्या बिंदूंची व्यवस्था नाही. ती व्यवस्था 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथाच्या परंपरेत आकाराला आली आणि पुढे शतकानुशतकं वाढत गेली. माझ्या मनगटावरच्या बिंदूला चिनी परंपरेत 'नेइग्वान' म्हणतात. दोन भुवयांच्या मध्ये, आपण गंध लावतो त्या जागी, 'यिनतांग' आहे. हा दुसरा बिंदू मुख्य वाहिन्यांच्या बाहेरचा, जादा म्हणून धरलेला. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता युरोपात जाऊ, कारण छोट्या शस्त्रक्रियेत दाबाचा वापर करायचा प्रयत्न चीनशी काहीही संबंध नसताना तिथेही झाला. १७८४ मध्ये लंडनला जेम्स मूर नावाच्या शल्यवैद्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. हात किंवा पाय कापायचा असेल तर आधी त्या अवयवाची मुख्य नस यंत्राने दाबून धरावी, अवयव बधिर होतो, अशी त्याची कल्पना. बसल्या बसल्या पायाला मुंग्या येतात, तेच तत्त्व. सेंट जॉर्ज रुग्णालयात प्रसिद्ध शल्यवैद्य जॉन हंटर यांनी या पद्धतीने एक पाय कापून पाहिला. पण पद्धत रुळली नाही. मूरच्या डोक्यात वेदनेचं चित्र देकार्तच्या वळणाचं असावं: दोरी ओढली की दुसऱ्या टोकाला घंटा वाजते. दोरी मध्ये दाबून धरली तर घंटा वाजणार नाही. दुसऱ्या बाणाला या चित्रात जागाच नाही.

यानंतरची घटना आपल्या देशातली आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बंगालमध्ये हुगळीला जेम्स एसडेल नावाचे स्कॉटिश डॉक्टर होते. एप्रिल १८४५ मध्ये त्यांच्याकडे अंडवृद्धी झालेला एक कैदी आला. एका बाजूचा उपचार झाला आणि तो वेदनेने तळमळू लागला. एसडेलनी मेस्मेरिझमबद्दल फक्त वाचलं होतं, कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या कैद्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने तो शांत झाला, आणि मग त्याला वेदना जाणवेना, असं त्यांनी लिहून ठेवलं. पुढे त्यांनी अनेक शस्त्रक्रिया याच रीतीने केल्या, काही फार मोठ्या. सरकारने समिती नेमली, आणि १८४६ च्या अखेरीस कलकत्त्यात याच कामासाठी एक छोटं रुग्णालयही त्यांना मिळालं.

यातला एक तपशील पुष्कळदा नजरेआड होतो. तासन् तास हात फिरवणं हे थकवणारं काम. एसडेल लवकरच ते स्वतः करेनासे झाले. ते काम त्यांच्या रुग्णालयातले हिंदू आणि मुसलमान सहायक करत. अंधाऱ्या खोलीत रुग्णाच्या उशाशी बसून, त्याच्यावर वाकून, तास-तास, कधी दिवसामागून दिवस. पुस्तकावर नाव एसडेलचं. भीती घालवणारे हात मात्र त्या सहायकांचे. शरीरातून काही अदृश्य द्रव वाहतो, हा मेस्मेरिझमचा सिद्धांत चुकीचा होता, हे आज आपण जाणतो. तरी त्या खोलीत काहीच घडत नव्हतं, असं म्हणणं मला कठीण जातं.

आणि नेमक्या त्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात विल्यम मॉर्टनने ईथरची वाफ हुंगवली आणि डॉ. वॉरन यांनी रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली. पुढच्या वर्षी ईथर कलकत्त्याला पोचलं आणि नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या सिम्पसननी क्लोरोफॉर्म आणलं. तासाचं काम मिनिटांवर आलं. एसडेलचं रुग्णालय थोड्याच काळात बंद पडलं, आणि पडणारच होतं. ईथरबद्दल मी तक्रार करत नाही. भूल नसतानाच्या शस्त्रक्रियांची वर्णनं ज्याने वाचली असतील, तो ईथरला दंडवतच घालील.

पण माझं आजचं मुख्य म्हणणं इथे आहे. भूल येण्याआधी वैद्याला रुग्णाच्या धीराची गरज होती. रुग्ण घाबरून हलला तर सुरी चुकणार. म्हणून त्याची भीती हा वैद्याच्या कामाचा भाग होता. मद्य पाजा, माणसं उशाशी बसवा, हात फिरवा, काहीतरी करा. ईथर आलं आणि शल्यवैद्याची ती गरज संपली. बेशुद्ध माणूस घाबरत नाही. वेदनेला धनी मिळाला, पुढे त्याचं एक शास्त्र झालं, भूलतज्ज्ञ झाले. भीतीला मात्र धनी उरला नाही. मोठ्या शस्त्रक्रियेत हे झाकून गेलं. छोट्या शस्त्रक्रियेत माणूस जागाच राहिला. त्याला पहिल्या बाणासाठी इंजेक्शन मिळालं आणि दुसऱ्यासाठी "घाबरू नका" हे दोन शब्द.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हार्टफर्ड शहरात विल्यम फिट्झगेराल्ड नावाचे नाक-घशाचे डॉक्टर होते. हाताची, बोटांची काही ठिकाणं दाबून धरली तर नाका-घशाच्या किरकोळ शस्त्रक्रिया रुग्ण अधिक सहज सोसतात, असं त्यांना वाटलं. त्यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले आणि त्याला 'झोन थेरपी' म्हटलं. १९१५ मध्ये एडविन बाउअर्सने त्यावर मासिकात लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा मतलब असा की दातदुखी थांबवायची असेल तर पायाचं बोट दाबा. १९१७ मध्ये दोघांचं पुस्तक आलं. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी सगळं शरीर तळपायावर रेखलं. आपल्या घराघरांत तळपायाचा जो रंगीत तक्ता असतो, इथे यकृत, इथे मूत्रपिंड, जो आपण ऋषिमुनींच्या किंवा चिनी संतांच्या नावावर खपवतो, त्याचा उगम हा असा अमेरिकन आहे. टोकदार चपला आणि लाकडी रोलर विकणाऱ्याला हे सांगून पाहा, तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

यानंतरची महत्त्वाची नोंद युद्धभूमीवरची. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर हे हार्वर्डचे भूलतज्ज्ञ काम करत होते. गंभीर जखमी, पण शुद्धीवर असलेल्या २१५ सैनिकांना त्यांनी विचारलं, तुम्हाला वेदनेवर औषध हवं आहे का? चारांतल्या साधारण तिघांनी नको म्हटलं. १९४६ मध्ये बीचरनी हे प्रसिद्ध केलं. सैनिकाच्या लेखी त्या जखमेचा अर्थ 'आता युद्धातून सुटलो, घरी जाणार' असा होता. तशीच जखम घेऊन शहरातल्या रुग्णालयात आलेल्या माणसाच्या लेखी तो 'आता माझं कसं होणार' असा असतो. जखम तितकीच, वेदना वेगळी. घंटेची दोरी इथे तुटली. आपल्या भाषेत 'वेदना' हा शब्द 'विद्' धातूपासून, म्हणजे जाणण्यापासून आला आहे, हे इथे आठवतं.

बोस्टनमध्येच लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञाने आणखी साधी गोष्ट तपासली. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाने रुग्णाला नुसतं भेटायचं, काय होणार ते सांगायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची. काही रुग्णांना ही भेट, काहींना झोपेचं औषध. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की औषधाने माणसं गुंगीत गेली, पण शांत झाली ती भेटीने. पुढच्या वर्षी ९७ रुग्णांवरचा दुसरा अभ्यास आला. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना नीट समजावून, धीर देऊन तयार केलं होतं, त्यांना नंतर वेदनाशामक औषध निम्म्याने कमी लागलं. यात बिंदू नव्हता, अंगठा नव्हता. एक माणूस खुर्ची ओढून बसला होता, एवढंच.

इथे मी एक घरचं सांगतो. बारा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला रात्री श्वास लागला म्हणून आम्ही तिला एका रुग्णालयात नेलं. छातीत पाणी झालं होतं, ते लगेच काढायचं ठरलं. मला पडद्याबाहेर उभं केलं. काम वीस मिनिटांत झालं आणि चोख झालं. डॉक्टरांच्या हाताला मी नाव ठेवणार नाही. पण नंतर ती मला म्हणाली, "दुखलं नाही हो फारसं. पण पाठीमागे काय चाललंय ते कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं, आता संपलं." पुढे ती आणखी दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत पाणी काढायची वेळ तीनदा आली, आणि दर वेळी आदल्या रात्रीपासून तिला झोप नसायची. पहिल्या बाणाची जखम दोन दिवसांत भरली होती. दुसरा तिच्या मनात रुतून बसला होता. मी पडद्याबाहेर होतो, आणि आत यावं, तिचा हात धरावा, असं म्हणायचं मला सुचलं नाही. म्हणून माझ्या तळहाताला टाके पडत असताना सिस्टरनी मनगट धरलं, तेव्हा मला आधी तिची आठवण झाली आणि मग ह्यूमची.

असो. इतिहासाकडे परत येऊ.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार आहे. स्पर्श-दाबाच्या जाड तंतूंकडून संदेश आले की ते लोटलं जातं आणि वेदनेचे संदेश कमी जातात. मेंदूही वरून ते दार कमी-जास्त उघडू शकतो. तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य कल्पना टिकली. पोराला लागलं की आई ती जागा चोळते, त्याला शास्त्राचा आधार मिळाला. मात्र हा सिद्धांत वेदनेबद्दल बोलतो, आणि अमुकच बिंदू दाबा असं सांगत नाही.

मग १९७१ साल आलं. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. २६ जुलैला त्यांचा लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला, आणि "चीनमध्ये नुसत्या सुया टोचून शस्त्रक्रिया करतात, रेस्टनची तशीच झाली" असं जगभर पसरलं. लेखात तसं नाहीच. शस्त्रक्रिया नेहमीचं बधिर करायचं इंजेक्शन देऊन झाली होती. नंतर पोटात गॅस धरून अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा कोपरात आणि गुडघ्याखाली सुया टोचल्या आणि त्यांना आराम वाटला. पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले, आणि लाट आली.

आपल्याकडे मात्र ही विद्या त्याआधीच आली होती, आणि तिची वाट महाराष्ट्राजवळून जाते. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि बंगालचे बिजॉयकुमार बसूही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू परतले, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले, आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं.

आता मूळ प्रश्नाकडे. बिंदू, अंगठा की माणूस?

व्हिएन्नामध्ये अलेक्झांडर कोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णवाहिकेत प्रयोग केले. त्यांची अडचण अगदी व्यवहारातली होती. रुग्णवाहिकेतल्या सेवकांना बहुधा औषध देण्याची परवानगी नसते. मग किरकोळ अपघात झालेला माणूस रुग्णालयात पोचेपर्यंत तसाच कण्हत राहतो. २००२ च्या अभ्यासात असे ६० रुग्ण होते. काहींचे खरे बिंदू दाबले, काहींच्या मुद्दाम चुकीच्या जागा दाबल्या, काहींना काहीच केलं नाही. खरे बिंदू दाबलेल्यांची वेदना, धास्ती आणि नाडीचा वेग, तिन्ही कमी झाले. २००३ मध्ये ३६ रुग्णांच्या कानावरच्या एका बिंदूबद्दल असाच अभ्यास झाला. त्यातही खऱ्या जागेचा गट रुग्णालयात पोचताना कमी धास्तावलेला होता.

मग बिंदू खरे ठरले का? थांबा जरा. कानाचा जो तपशीलवार नकाशा आज वापरतात, तो १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये लिऑनच्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी बनवला. कानाच्या आकारात त्यांना उलटं झोपलेलं अर्भक दिसलं! म्हणजे 'हजारो वर्षांचा अनुभव' हा पुरावा इथे लागू पडत नाही. दुसरं, अशा प्रयोगांत दाबणाऱ्याला आपण कुठे दाबतोय हे दिसत असतं. औषधाच्या गोळ्या दोन्ही सारख्या बनवता येतात. हात तसा बनवता येत नाही. खरा बिंदू दाबणारा अधिक विश्वासाने दाबत असेल, तर तो विश्वास रुग्णाला कळतोच.

२००५ मध्ये लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी ७६ रुग्णांवर भुवयांमधला यिनतांग बिंदू तपासला. दहा मिनिटं दाबल्यावर चिंता उतरली, चुकीच्या जागेपेक्षा जास्त उतरली. पण दाब काढल्यावर अर्ध्या तासाने फायदा उरला नव्हता. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ही उणीवच. पण टाक्यांना किती वेळ लागतो? दहा-पंधरा मिनिटं. जिथे सिस्टरचा अंगठा काम चालू असेपर्यंत जागेवरच असतो, तिथे ही उणीव फारशी आड येत नाही.

यानंतर जगभर असे पुष्कळ अभ्यास झाले. बहुतेक छोटे. एकत्र पाहता भीती कमी होते, असं म्हणायला आधार आहे. ती बिंदूमुळे किती, दाबामुळे किती आणि सोबतीमुळे किती, याची वाटणी करायला तो आधार अपुरा आहे. मी यापुढे जात नाही. ज्यांना तीन हजार वर्षांची खात्री आहे आणि ज्यांना हे सगळं थोतांड असल्याची खात्री आहे, अशा दोघांनाही ते रुचणार नाही.

मग प्रश्न नीतीचा येतो. वाटणी माहीत नसताना हे करावं का? रुग्णाला काय सांगावं? हार्वर्डचे टेड कॅप्चुक मुळात चिनी वैद्यक शिकलेले. पुढे त्यांनी आयुष्य प्लासिबोच्या अभ्यासाला दिलं. २०१० मध्ये त्यांनी पोटाचा जुनाट विकार असलेल्या ८० जणांपैकी काहींना स्पष्ट सांगून औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. तरीही त्यांना, काहीच न दिलेल्यांपेक्षा, जास्त बरं वाटलं. म्हणजे धीर देण्यासाठी खोटं बोलावंच लागतं, हे गृहीतक तितकं पक्कं नाही.

आमच्या सिस्टरनी मला काय सांगितलं होतं? "इकडे लक्ष द्या. दाब जास्त वाटला तर सांगा." यात एकही खोटं वाक्य नाही. ऊर्जेचा प्रवाह नाही, प्राचीन ऋषी नाहीत. लक्ष कुठे द्यायचं ते सांगितलं, आणि दाब किती असावा याचा अधिकार माझ्याकडे दिला. उजव्या हातावर माझी काहीच सत्ता चालत नव्हती. डाव्यावर थोडी मिळाली. भीतीत माणसाचं सगळ्यात आधी हेच हरवतं.

मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या कुणी छातीत कळ आली म्हणून मनगट दाबत घरी बसेल. हे बधिर करायच्या इंजेक्शनच्या ऐवजी नाही, त्याच्या सोबत आहे. यासाठी उपचाराला एक मिनिटही उशीर होता कामा नये. जखमेवर, मोडलेल्या हाडाजवळ, सुजलेल्या शिरेवर दाबायचं नाही. आणि रुग्णाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. काहींना परक्याचा स्पर्श हीच भीती असते.

माझं म्हणणं एवढंच. १८४६ नंतर भीतीला धनी उरला नव्हता. अंगठा आणि दहा मिनिटं घेऊन कुणी तिची जबाबदारी घेत असेल, तर त्या बिंदूचा नकाशा चिनी की फ्रेंच, हा वाद आपण अभ्यासकांनी घालत राहावा. त्या माणसाला मात्र खुर्ची द्यावी. आपल्या रुग्णालयांतल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यामागे किती रुग्ण असतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. दहा मिनिटं ही त्यांच्याकडची सगळ्यात दुर्मीळ गोष्ट आहे. ॲक्युप्रेशर शिकवणं एका दुपारचं काम आहे. ती दहा मिनिटं देणं हे व्यवस्थेचं काम आहे, आणि तिथे आपण अडतो.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: सिस्टर मोकळ्या नसतील तर नातेवाइकाने हे केलं तर चालेल का?)

डॉक्टरांना विचारून, हो. स्वच्छ काम चालू असताना ते आत येऊ देतीलच असं नाही, आणि त्यांचा नकार मानायचा. पण विचारायचं. पडद्याबाहेर गप्प उभं राहायचं नाही. मी उभा राहिलो होतो, म्हणून सांगतो. आत घेतलं तर उशाशी बसा, जखमेकडे पाहू नका, रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहा, आणि काय चाललंय ते त्याला हळू आवाजात सांगत राहा. मनगटावर तीन बोटं वर, मधोमध. जागा थोडी चुकली तर घाबरू नका. हात सोडू नका.